थ्री-वे टॉवर स्पीकर आणि आमचा 10 बाय 15 चा हॉल

आमचा फ्लॅट ठाण्यात घोडबंदर रोडला. दिवाळीचा बोनस आला आणि मी हौसेने थ्री-वे टॉवर स्पीकर उचलले, एकेकात खालच्या सुरांना दोन वूफर, मधल्यांना एक मिडरेंज, वरच्यांना एक ट्वीटर, डोक्यात सरळ हिशोब की जितके ड्रायव्हर (म्हणजे हे आवाज काढणारे वूफर-ट्वीटर) जास्त तितका आवाज भारी. शोरूममध्ये वाजलेही झकास, पण शोरूम केवढी होती ते कोण बघतंय.

घरी लावले आणि डग्गाच हरवला. आवाज भरपूर पण सगळं एकाच सुरात घुमतंय, घूं घूं. खालच्या काकू वर आल्याच, "अरे, आमच्या शोकेसच्या काचा थरथरतायत." मी आठवडाभर वायरी बदलत बसलो (त्यावर किती घालवले ते घरी अजून सांगितलेलं नाही). मग कळलं भानगड खोलीची आहे, 10 फुटांवरच्या दोन भिंतींत 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, त्यात माझ्या टॉवरचे पोर्ट, म्हणजे पेटीला बेससाठी ठेवलेली भोकं, मागे आणि मागे लगेच भिंत. पोर्टमध्ये जुने मोजे कोंबले तेव्हा जरा निवळलं, खरंच, मोजे.

तरी गाणं जुळेना. सोफा स्पीकरपासून जेमतेम सहा फुटांवर, भीमसेनजींचा खर्ज खालून येतोय आणि तान वरून. टॉवरमधले ड्रायव्हर एकमेकांपासून लांब असतात, त्यांचा आवाज एक व्हायला अंतर लागतं, ते आमच्याकडे नाहीच.

वर्तकनगरला मित्राकडे चार इंची फुल रेंज स्पीकर ऐकले, सगळ्या सुरांना एकच ड्रायव्हर, त्यामुळे आवाज वाटून देणारं सर्किट, क्रॉसओव्हर, तेच नाही, गळा इतका सलग की मी गप्पच झालो. पण बेस पातळ, आणि जरा बाजूला सरकलं की तानपुऱ्याची झळाळी गायब. एकट्या माणसाला बेस्ट, आमच्याकडे ऐकायला चौघं. कोअॅक्शियलपण ऐकले, ट्वीटर वूफरच्या मधोमध, टॅनॉय कंपनीवाले 1947 पासून करतायत हे. आवडले. किंमत नाही आवडली.

शेवटी घेतले टू-वे बुकशेल्फ, साडेसहा इंची वूफर, एक इंची डोम ट्वीटर, पेटी बंद, म्हणजे पोर्टच नाही. बंद पेटीचा बेस लवकर उतरायला लागतो पण सावकाश उतरतो, ऑक्टेव्हला (म्हणजे एका सप्तकाला) 12 डीबी, पोर्टवाल्यात 24 च्या आसपास, आणि आपल्या छोट्या खोल्या खालचं थोडं स्वतःच भरून काढतात. टू-वेचा धोका वेगळा, वूफरकडून ट्वीटरकडे आवाज जातो तो बऱ्याचदा 2 ते 3 हजार हर्ट्झला, नेमका जिथे कान सगळ्यात तिखट. दुकानातली एक जोडी तिथेच किंचाळत होती, म्हणून ऐकायला जाताना स्वतःच्या ओळखीच्या गळ्याचं गाणं घेऊन जा, दुकानदाराच्या डेमोवर सगळंच गोड लागतं.

टॉवर वाशीच्या एकाने निम्म्या किमतीत नेले. त्याचा हॉल चांगला 20 फूट लांब, स्पीकर भिंतीपासून लांब ठेवलेत, मागच्या रविवारी गेलो होतो ऐकायला, आणि खोटं कशाला बोलू, काय वाजत होते ते!