ड्रायरला पाणी लागतं

मागच्या महिन्यात दादरच्या एका काकूंचं वॉशर-ड्रायर दुरुस्त केलं, अजून डोक्यातून जात नाहीये. इटालियन फ्रंट लोडर, काकांनी मस्कतहून परत येताना आणलेलं, धुणं नि सुकवणं एकाच ड्रममध्ये. तीन जणांनी "टाका भंगारात" सांगून झालेलं. पण पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस ओले राहतात, त्यामुळे काकू हट्टाला पेटलेल्या.

परळच्या माझ्या गाळ्यावर आणून सगळं खोललं. पुढचा काँक्रीटचा ठोकळा काढतानाच कंबर धरली. बेअरिंगचा नुसता गंजाचा चुरा, नागदेवीच्या बाजारातून ६२०४ नि ६२०५ नंबरच्या नव्या आणल्या, ऑइल सील व्हर्नियरने मापून शोधलं, मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) मिळेनात तर ड्रिल मशीनचे घेऊन पॉलिश पेपरवर घासत घासत बसवले, दोन तास गेले पण ठिणगी अजिबात नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण हल्लीची पोरं घासत नाहीत, नवीन मोटरच गळ्यात मारतात. ओला टॉवेल टाकून बघितला, पापडासारखा कडक निघाला. रुबाबात घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी फोन. टॉवेल कसा, तर उकडीच्या मोदकासारखा, गरम आणि ओला. दाराच्या काचेवरून थेंब ओघळतायत. आधीच्यांनी दोनदा हीटर बदललेला, मी थर्मोस्टॅट बदलला. फरक शून्य!

काकू म्हणाल्या, "अरे बाळा, नवीन बिल्डिंगमध्ये आल्यापासूनच हे असं करतंय." हे त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलेलं. मी सोडून दिलं, कारण जागा बदलली की मशीन बिघडलं असं सगळेच सांगतात.

या मशीनला वाफ बाहेर सोडायला पाइप नसतो. कपड्यांतून निघालेली दमट गरम हवा टबच्या मागच्या डक्टमध्ये जाते, तिथे थंड पाण्याची बारीक धार चालू असते, त्या गारव्याने वाफेचं पाणी होतं आणि पंपाने बाहेर पडतं. म्हणजे सुकवायलासुद्धा पाणी लागतं! त्या धारेसाठी इनलेट व्हॉल्व्हला वेगळी कॉइल असते, पुढे बारीक भोकाची चकती. जुन्या बिल्डिंगमध्ये काकू पहिल्या मजल्यावर, टाकी चार मजले वर, प्रेशर एक बारच्या वर. माझा गाळा तर तळमजल्यावर. आता रिडेव्हलपमेंटनंतर त्या सातव्या मजल्यावर, टाकी डोक्यावर जेमतेम दीड मीटर. नळी काढून बघितली तर पोराने सू करावी तशी धार. धुवायला टब कसाबसा भरायचा, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, पण त्या चकतीतून काय जाणार?

खात्री करायला कंडेन्सरची नळी व्हॉल्व्हवरून सोडवली आणि माळ्यावरच्या बादलीत सलाइनसारखी लावली. काकू स्टुलावर चढून मगाने बादली भरतायत, मी खाली घड्याळ बघतोय. टॉवेल सुकला.

छोटा प्रेशर पंप बसवला, काम झालं.

निघताना काकूंनी कपाटातून पिशवी काढली, आधीच्यांनी "जळाले" म्हणून काढलेले दोन्ही हीटर जपून ठेवलेले. मीटर लावला, दोन्ही २६ ओहम, ठणठणीत.

"मग हे बदलले कशाला?"

मी काही बोललो नाही. बिलातून थर्मोस्टॅट खोडला.