गुलमर्गला जायचं तर मुक्कामाला जा, स्की शिका

नागपूरहून काश्मीरला जाणाऱ्या फॅमिलीचं पॅकेज आपल्या सगळ्यांना पाठ आहे. हाउसबोट, मग एक दिवस गुलमर्ग, एक दिवस सोनमर्ग, एक दिवस पहलगाम, रोज सकाळी गाडीत बसा अन् रात्री उतरा. गुलमर्गच्या वाट्याला त्यात जेमतेम चार तास येतात, त्यातले अर्धे गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, लाइनीत जातात. भाड्याचा कोट घालून फोटो, गरम मॅगी, चला परत. आम्ही यातलं बरंचसं कापून टाकलं अन् सरळ गुलमर्गलाच राहिलो, काम एकच, बर्फ अन् स्कीइंग. आता मी ज्याला त्याला हेच सांगून राहिलो की पोरांना पहिल्यांदा बर्फ दाखवायचा असेल तर असंच करा, बाकीचं काश्मीर उन्हाळ्यातही बघता येतं.

घरी मात्र हे पटवायला वेळ लागला. पहलगामच्या एप्रिल २०२५ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर नातेवाइकांचे फोन वेगळेच, ते समजू शकतो. पण आईचा मुद्दा साधा होता, "पैसे देऊन थंडीत मरायला कोण जातं बापा?" तिचंही खरं आहे. आपल्या नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता तेव्हा आमच्या घरात स्वेटर घालून झोपले होते सगळे, अन् आपण तर मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत कूलरसमोर बसणारी माणसं. अन् बर्फ म्हणजे आपल्याकडं काय, गारपीट. काटोल-नरखेडला मामाकडं गार पडली की संत्र्याचा बहार गेला, एवढंच आईला माहीत. बर्फ पडला म्हणून खुश होणारी माणसं असतात हे तिला पचतच नव्हतं. गंमत म्हणजे काश्मीरला हिवाळ्यात बर्फ देणारी सिस्टिम तीच, पश्चिमेकडून भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे ते पश्चिमी विक्षोभ, अन् आपल्याकडच्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीतही कधी कधी त्यांचाच हात असतो. हे मी आईला समजावून सांगितलं तर म्हणे, मग तर नकोच.

कपड्यांबद्दल एकच गोष्ट सांगतो, अंगाला लागून कॉटन घालू नका. स्की करताना घाम येतो, खरंच येतो, अन् कॉटन भिजलं की ते वाळतच नाही, मग थांबल्यावर दात वाजतात. थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर, वरून वॉटरप्रूफ जॅकेट अन् पँट. हिवाळ्यात तिबेटी लोकांचं स्वेटर मार्केट लागतं तिथून बायकोनं हातमोजे घेतले, छान लोकरीचे, ते बर्फात भिजून पार लोळागोळा झाले, तिकडं वॉटरप्रूफच लागतात. टंगमर्गला गाडी थांबली की कोट अन् गमबूटवाले घेरतात, ड्रायव्हर एका ठरलेल्या दुकानासमोरच गाडी लावतो अन् तिथं सांगतात की याच्याशिवाय वर जाताच येत नाही. तसं काही नसतं. शांतपणे भाव करा, नाहीतर नको म्हणा. टंगमर्गहून वर गुलमर्ग १३ किलोमीटर, बर्फ जास्त असेल तर चाकांना चेन लावतात किंवा फोर बाय फोर गाडी करावी लागते, ते पैसे धरूनच चाला.

अन् मग बर्फ. आमच्या मनात काय होतं तर फ्रीझरमधला बर्फ. इथं सकाळी हॉटेलबाहेर पाय ठेवला तर गुडघ्यापर्यंत आत, अन् हातात घेतला तर रांगोळीसारखा बोटांतून गळून जातो. पोट्ट्यांनी आल्या आल्या गोळे करून मारामारी करायचं ठरवलं होतं, पण गोळा काही होईना! दाबला की भुगा. लेक तर रडकुंडीला आली. आमच्या इन्स्ट्रक्टरनं सांगितलं की थंडी जास्त असली की बर्फ कोरडा असतो, कणांवर पाण्याचा अंश नसतो, तर चिकटणार कसा. दुपारी ऊन तापलं, वरचा थर जरा ओलसर झाला, मग बरोबर गोळे झाले अन् पहिला माझ्या कानावर बसला. स्कीवाल्यांना मात्र हाच कोरडा भुगा पाहिजे असतो, ते त्याला पावडर म्हणतात, जगभरातून लोक गुलमर्गला त्यासाठी येतात.

स्कीइंगची सुरुवात बुटांपासून होते अन् तिथंच अर्धा दम निघतो. बूट कडक प्लास्टिकचा, घोटा हलतच नाही, नडगी पुढच्या बाजूला टेकून राहते, चालायचं तर आधी टाच टेकवायची. मग स्की, म्हणजे पायाखालची लांब पट्टी, लावायची, पण त्याआधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडून काढायचा, थोडा जरी राहिला तरी लॉक लागत नाही. पंजा पुढं अडकवायचा, टाच जोरात दाबायची, कट्ट आवाज आला की झालं. जोरात पडलं तर हाच लॉक आपोआप सुटतो, म्हणून पाय वाचतो, अन् सुटलेल्या स्कीखाली दोन काट्या उतरतात अन् बर्फात रुततात, नाहीतर ती एकटीच उतारावरून घरंगळत गेली असती. हे मला फार आवडलं, कोणीतरी पडण्याचा एवढा विचार करून ठेवलाय.

गुलमर्गला नवशिक्यांसाठी वेगळे सौम्य उतार आहेत, तिथं आमची शाळा भरली. सुरुवातीला फक्त स्की घालून सपाटीवर चालायचं, मग उताराला आडवं उभं राहून एक एक पाय उचलत वर चढायचं. एवढ्यातच धाप. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे, आपलं नागपूर तीनशेच्या आसपास, छाती सांगतेच ते. मग थांबायचं कसं ते. दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, उलटा व्ही, अन् आतल्या कडांवर दाब. ऐकायला सोपं आहे. पण उतार दिसला की माणूस घाबरून मागं झुकतो, अन् मागं झुकलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, ती वळतही नाही अन् थांबतही नाही, अजून जोरात पळते. म्हणजे भीती वाटली की पुढं झुकायचं, हे डोक्याला कळतं, कमरेला नाही कळत. इन्स्ट्रक्टर खालून ओरडून राहिला, "साहब, कुर्सी नहीं है पीछे, बैठना नहीं है!" अन् साहेब बरोबर बसलेच.

पोरं बघता बघता शिकली. लेक चौथीत आहे, ती पडायची तेव्हा जमीन जवळच असायची, उठून हसायची अन् परत वर. पोरगा आठवीत, त्याला लगेच ड्रॅग लिफ्टनं वर जायचं होतं. त्या लिफ्टमध्ये वरच्या फिरत्या दोरीला लटकलेल्या दांड्याची चकती पायांमधून मागं घेतात अन् ती आपल्याला ओढत नेते, पण तिच्यावर बसायचं नसतं, उभंच राहायचं. नवीन माणूस हमखास बसतो अन् आडवा होतो, मागचे सगळे खोळंबतात. बायको या सगळ्यात माझ्यापेक्षा चांगली निघाली, वळणं घेऊन आरामात खाली, मी अजून सरळ रेषेत. ती म्हणाली स्कूटीचा उपयोग झाला, सीताबर्डीच्या गर्दीत चालवते ना.

आई खुर्ची टाकून उन्हात बसायची, हातात कहवा, मांडीवर हॉटेलवाल्यांनी दिलेली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी. कोणी पडलं की तिथून आवाज, "पोट्टं पडलं ना बापा, पाय त नाही मोडला?" अनोळखी लोकांसाठीसुद्धा. स्लेजवाले मागं लागले होते, लाकडी फळीवर बसवून ओढत नेतात. तिला आधी ते पटेना, माणसानं माणसाला ओढायचं म्हणजे काय. मग त्यातला एक म्हणाला, "माँजी, सर्दी में यही काम है हमारा," तर बसली, अन् उतरताना भाव न करता पैसे दिले, वरून संत्रा बर्फी. बर्फी खिशात दगड झाली होती, त्यानं तशीच चघळत खाल्ली.

गोंडोलाचं थोडक्यात. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटला जवळपास चार हजार मीटरवर. आईला आम्ही पहिल्या टप्प्यापर्यंतच नेलं. दुसरा टप्पा वारा सुटला की बंद होतो, आमच्या वेळी झालाच, पोरगा जरा हिरमुसला, पण वरचे उतार नवशिक्यांचे नाहीतच, तिथं हिमस्खलनाचा धोकाही असतो.

बाकी लक्षात ठेवायच्या गोष्टी. आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेडच लागतं, निदान एकाकडं तरी ठेवा. गॉगल अन् सनस्क्रीन विसरू नका, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, पोराची हनुवटी खालून भाजली, वरून नाही. रूममध्ये इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. जाताना आम्ही दिल्लीमार्गे विमानानं गेलो, येताना श्रीनगरहून कटऱ्यापर्यंत वंदे भारत, ही गाडी जून २०२५ पासून सुरू झालीये, अन् चिनाबचा पूल आला तेव्हा अख्खा डबा खिडकीला लागला होता.

आता पोराचं वेगळंच सुरू आहे. गुलमर्गला भारत सरकारची स्कीइंग अन् माउंटेनिअरिंगची संस्था आहे, तिथं कोर्स असतात, त्याला तो करायचाय. आठवीचा अभ्यास तिकडं अन् हा यूट्यूबवर वळणं बघून राहिला. नागपूरहून कोणी पोराला तिथं पाठवलं असेल तर प्लीज कळवा, राहणं-जेवण कसं असतं, अन् शाळेला सुट्टीचं काय सांगितलं तेही. आई सध्या एकच विचारून राहिली आहे, शाकाहारी मिळतं का.