विहिरीच्या तळाखाली

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतात वडिलांनी विहीर खोदली तेव्हा आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण लागला. हा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे त्या भागातील उष्णस्थळावरून (खोलातून अतिउष्ण खडक वर येतो अशा जागेवरून) भारतीय भूपट्ट, म्हणजे भारत ज्यावर वसला आहे तो पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, उत्तरेकडे सरकत असताना, जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरलेला लाव्हा थिजून तो तयार झाला. आमची कपाशीची काळी माती त्याचीच झीज होऊन बनली, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे वितळलेला रस आहे, असा शाळेत असताना माझा समज होता. प्रत्यक्षात कवचाखालचा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचा खडकाळ थर, म्हणजे प्रावरण, बहुतांशी घनच आहे. मात्र प्रचंड उष्णतेमुळे ते अतिशय संथपणे वाहते. द्रवरूप आहे तो त्याखालचा बाह्य गाभा, आणि भूकंपाच्या दुय्यम लहरी फक्त घन पदार्थातूनच जातात; त्या या गाभ्यातून पार जात नाहीत म्हणूनच तो द्रवरूप असल्याचे ओळखता आले.

भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आहे, आमच्या विहिरीसह.