26 कॉलेजांची यादी 9 वर कशी आली: लेकीचे डीओचे अर्ज आणि आमचं बजेट

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी लेक लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलवर बसली आणि म्हणाली, आई बघ, मी 26 कॉलेजं काढलीत. मी थालीपीठ थापत होते, पिठाचे हात तसेच ठेवून पहिला प्रश्न विचारला की एका अर्जाला किती लागतात. तर ॲकोमासला, म्हणजे डीओ या डॉक्टरकीच्या पदवीच्या कॉलेजांचा जो एकच सामाईक अर्ज असतो त्याला, पहिल्या कॉलेजचे तेव्हा 198 डॉलर आणि मग पुढच्या प्रत्येक नावाचे पन्नास-साठ. त्यानंतर प्रत्येक कॉलेज स्वतःचा वेगळा सेकंडरी अर्ज पाठवतं, त्याची फी निराळी, कुठे पन्नास कुठे शंभरच्या वर. मी तिथेच मनात गुणाकार केला, 26 कॉलेजं म्हणजे साडेतीन हजार डॉलर, आणि यात एमकॅटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे, साडेतीनशेच्या आसपास आधीच भरून झालेले धरलेच नाहीत.

त्याच जानेवारीत नवऱ्याची नोकरी गेली होती. मी इथे न्यू जर्सीत शाळेत सबस्टिट्यूट म्हणून जाते, धाकटा अकरावीत आहे. रात्री आम्ही तिघांनी बसून ठरवलं की सगळं मिळून 3,000 डॉलर, होकार आल्यावर जागा पक्की करायच्या डिपॉझिटसकट, त्यापुढे एक पैसा नाही. लेकीचा चेहरा उतरला होता ते मला दिसत होतं, पण खोटी आशा दाखवून नंतर हात वर करायचे हे मला जमलं नसतं.

पुढे जायच्या आधी डीओ म्हणजे काय ते सांगते, कारण घरी फोनवर हे मी निदान पंधरा वेळा सांगितलंय. माझा पुण्याचा मामेभाऊ स्वतः डॉक्टर, तो म्हणाला अरे वा, डोळ्यांची डॉक्टर होणार का, कारण आपल्याकडे डीओ म्हणजे ऑफ्थॅल्मॉलॉजीचा डिप्लोमा. सांगलीला आईला वाटलं हाडवैद्य. अमेरिकेत डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, हा एमडीसारखाच पूर्ण डॉक्टर असतो, औषधं देतो, ऑपरेशन करतो, कुठल्याही स्पेशालिटीत जाऊ शकतो, आणि 2020 पासून एमडी-डीओ दोघांच्या रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, एकाच मान्यतेखाली आल्यात. फरक म्हणजे हातांनी स्नायू-सांध्यांवर उपचार करायचं सुमारे 200 तासांचं जास्तीचं शिक्षण. पहिलं कॉलेज अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात 1892 साली काढलं, आज अशी चाळीसच्या वर कॉलेजं आहेत आणि अमेरिकेत मेडिकल शिकणाऱ्या साधारण चार मुलांमधलं एक डीओ कॉलेजात असतं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मात्र ऑस्टिओपॅथ म्हणजे डॉक्टर नव्हे, त्यामुळे गूगल करून घाबरलेल्या नातेवाईकांना मी समजू शकते.

तर यादी. आधी आम्ही फी माफी मिळते का बघितलं. ॲकोमासची फी माफी आहे, उत्पन्न फेडरल गरिबी रेषेच्या दुपटीच्या आत असेल तर, पण ती पहिल्या कॉलेजच्या फीपुरतीच आणि दर वर्षी ठराविकच जणांना, म्हणून मे महिन्यात अर्ज उघडला की लगेच मागायची. आमचा टॅक्स रिटर्न आदल्या वर्षीचा, तेव्हा पगार चालू होता, कागदावर आम्ही बसत नव्हतो. ज्यांना मिळेल त्यांनी ते पत्र जपून ठेवा आणि प्रत्येक कॉलेजला विचारा, कारण ते दाखवलं की बरीच डीओ कॉलेजं सेकंडरीची फीही माफ करतात. एमडीवाल्यांची जी एएएमसी या त्यांच्या संघटनेची मदत योजना आहे ती ॲकोमासची फी भरत नाही, पण तिचं पत्रही सेकंडरी माफ करून घ्यायला बऱ्याच ठिकाणी चालतं.

मग आम्ही छाटायला बसलो. आणि इथे माझं लेकीशी पहिलं भांडण झालं, कारण ती नावं ओळखीची आहेत का, गाव कसंय, मॅच कसा लागतो, म्हणजे पुढे रेसिडेन्सीच्या जागा कशा मिळतात, यावर यादी करत होती आणि मी म्हणत होते की प्रत्येक नावापुढे दोनच प्रश्न लिही, हे लोक तुझ्यासारख्या मुलीला घेतात का आणि घेतलं तर आपल्याला चार वर्षं परवडेल का. दोन्हीला हो असेल तरच पन्नास-साठ डॉलर भरायचे. अर्जाची फी ही लहान रक्कम आहे हो, खरा पैसा त्या चार वर्षांत जातो, पण ती लहान रक्कम कुठे टाकायची हे त्या मोठ्या रकमेकडे बघून ठरवायला हवं एवढंच माझं म्हणणं होतं.

पहिल्या प्रश्नासाठी चूज डीओ एक्स्प्लोरर नावाची साइट आहे, डीओ कॉलेजांच्या संघटनेचीच, फुकट. तिथे एमकॅट, जीपीए म्हणजे कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी, डीओ डॉक्टरचं शिफारसपत्र लागतं का, परदेशी मुलं घेतात का, सगळं एका जागी. लेकीचा एमकॅट 503, जीपीए 3.5. डीओला दाखल होणाऱ्यांची एमकॅटची सरासरी 504 च्या आसपास असते म्हणजे ती मधोमध, त्यामुळे आकड्यांनी फार नावं गळली नाहीत. गळली ती राज्यामुळे.

टेक्ससचं टीकॉम हे सरकारी डीओ कॉलेज बघा, फोर्टवर्थला, ट्यूशन वर्षाला वीस हजारांच्याही आत, बघून डोळे चमकले. पण टेक्ससच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत 90 टक्के जागा टेक्ससच्याच मुलांना आणि अर्जही टीएमडीएसएएस या टेक्ससच्या वेगळ्या सामाईक अर्जातून. माझी डॅलसची मैत्रीण आहे तिच्या मुलाला मात्र हे वरदान, एकदाच ठराविक फी भरली की त्यातली सगळी कॉलेजं त्यात, टीकॉम आणि सॅम ह्यूस्टनचं डीओ कॉलेजही. आम्ही ते नाव काढलं. वेस्ट व्हर्जिनियाचं सरकारी कॉलेज, लुइसबर्गचं, तिथे बाहेरच्या राज्याच्या मुलांना ट्यूशन दुपटीहून जास्त. काढलं. ओक्लाहोमा, ओहायो, मिशिगन, सगळीकडे हीच कथा, स्वतःच्या राज्याच्या मुलांसाठी उत्तम, आपल्यासाठी महाग. याकिमाचं पॅसिफिक नॉर्थवेस्ट वायव्येकडच्या राज्यांसाठी डॉक्टर घडवायला काढलंय, केंटकीतलं पाइकव्हिल आणि व्हर्जिनियाचं व्हीकॉम ॲपलेशियाच्या डोंगराळ भागासाठी. फार चांगलं काम आहे ते, पण इथे न्यू जर्सीत एडिसनमध्ये वाढलेल्या मुलीने निबंधात काय लिहायचं की मला तुमच्या डोंगरातच राहायचंय? ती म्हणाली मी मनापासून लिहू शकणार नाही. मग तिथे पैसे नको.

आपल्या राज्यातलं रोवन-व्हर्चुआ, स्ट्रॅटफर्डचं, न्यू जर्सीचं एकमेव डीओ कॉलेज, ते पहिल्या दिवसापासून यादीत सर्वांत वर. राज्यातल्यांना फी कमी आणि आमच्या घरापासून टर्नपाइकने तासाभरावर. दुसऱ्या राज्यातल्या मराठी घरांनाही हेच सांगेन, आधी आपल्या राज्यात सरकारी डीओ कॉलेज आहे का ते बघा.

एक गोष्ट मध्येच सांगते, आमच्या मंडळातल्या एका घरासाठी फार महत्त्वाची ठरली. मुलगी एच-4 वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, ग्रीन कार्डची रांग संपेना, 21 पूर्ण झाल्यावर एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला. बरीच डीओ कॉलेजं फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, जी घेतात त्यातली काही आधी पैसे दाखवायला सांगतात, आणि फेडरल कर्ज तर मिळतच नाही. त्या पोरीने हे न बघता सहा ठिकाणी पैसे भरले होते. इतकी हुशार मुलगी, मला अजून वाईट वाटतं. ज्यांच्याकडे व्हिसाचा प्रश्न आहे त्यांनी पहिली चाळणी हीच लावा, एमकॅटच्याही आधी.

जूनमध्ये लेकीने चारच नावांनी अर्ज पाठवला. ही युक्ती चांगली आहे, ॲकोमास मार्कशीट तपासायला काही आठवडे घेतं आणि ती तपासणी एकदाच होते, नावं नंतर वाढवता येतात. प्रवेश रोलिंग असतात, जागा भरत जातात, म्हणून लवकर पाठवायचं, पण सगळे पैसे एकदम घालायची गरज नाही. आमचा बेत होता की जुलैत अजून आठ घालू.

आणि 4 जुलैला शिक्षणकर्जाचे नियम बदलणारा कायदा सही झाला. आम्ही मागच्या अंगणात कणसं भाजत होतो, फटाके ऐकू येत होते आणि लेक फोनवर वाचत होती. 1 जुलै 2026 पासून नवीन मुलांना ग्रॅड प्लस कर्ज बंद. त्याआधी काय होतं की कॉलेजचा जो काही एकूण खर्च असेल, राहण्याखाण्यासकट, तेवढं कर्ज सरकारकडून मिळायचं. आता मेडिकलसारख्या कोर्सला फेडरल कर्ज वर्षाला 50,000 आणि एकूण 2 लाख डॉलर, बास. लेक 2026 च्या ऑगस्टमध्ये सुरू करणार म्हणजे बरोबर नव्या नियमात.

त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी उठून एक्सेलमध्ये नवीन कॉलम केला. समजा खासगी कॉलेजची ट्यूशन 62,000, घरभाडं, गाडी, इन्शुरन्स, खाणं धरून अजून 28,000, झाले 90,000. फेडरलचे 50,000 गेले की दर वर्षी 40,000 कमी पडतात, चार वर्षांचे 1 लाख 60 हजार, ते खासगी बँकेकडून, कोसायनर म्हणजे कर्जाला जामीन लागणार, आणि कोसाइन करणाऱ्या बापाला नोकरी नाही. फेडरल कर्जही काही स्वस्त नाही, 2025-26 ला 7.94 टक्के, आणि व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. न्यू यॉर्क भागातली दोन कॉलेजं, जी लेकीची आवडती होती, ती त्या कॉलममुळेच गेली. ती रडली. मी जवळ बसून राहिले, काय बोलणार.

या कॉलमने एलइकॉमचं नाव वर आलं, पेनसिल्व्हेनियात एरीला, खासगी असून फी बाकी खासगी कॉलेजांपेक्षा बरीच कमी आणि गावात घरभाडंही कमी. याच कॉलमसाठी आम्ही तिसऱ्या-चौथ्या वर्षाची रोटेशन, म्हणजे हॉस्पिटलांत काम शिकायच्या पाळ्या, कुठे होतात ते शोधायला लागलो, हे कोणी सांगत नाही. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं, मुलं वेगवेगळ्या गावांच्या हॉस्पिटलांत पाठवतात, म्हणजे परत सामान हलवणं, परत डिपॉझिट, गाडी तर हवीच. ॲरिझोनातलं ए. टी. स्टिलचं मेसा कॅम्पस तर दुसऱ्या वर्षापासूनच मुलांना देशभरातल्या आरोग्य केंद्रांवर पाठवतं. ज्याला तशा वस्तीत काम करायचंय त्याच्यासाठी सोन्यासारखी संधी, पण खर्च आधी मोजायला हवा. शिवाय डीओच्या मुलांना कॉमलेक्स ही लायसन्सची परीक्षा द्यावीच लागते आणि स्पर्धेच्या स्पेशालिटीसाठी बरेच जण एमडीवाल्यांची यूएसएमएलईही देतात, दोन्हींच्या फिया शेकड्यांत. अगदी नवीन कॉलेजं आम्ही घेतलीच नाहीत, मॅचची यादी नाही आणि काही नव्या कॉलेजांना सुरुवातीला फेडरल कर्जच लागू नसतं.

आठाऐवजी पाचच नावं वाढवली. एकूण 9.

चूकही केली, तीही सांगते. पहिल्या चारातल्या एका कॉलेजची सेकंडरी ॲकोमासनंतर लगेच आली, आम्हाला वाटलं निवडलंच बहुतेक, त्याच संध्याकाळी कार्डवर शंभरच्या वर डॉलर भरले. नंतर कळलं की बरीच डीओ कॉलेजं फाइल न बघताच सगळ्यांना सेकंडरी पाठवतात, आणि त्या कॉलेजच्या वर्गात जवळजवळ सगळी मुलं शेजारच्या दोन राज्यांतली होती. पानावर लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. कधीच उत्तर आलं नाही. काही कॉलेजं मात्र आधी फाइल बघून मगच सेकंडरी पाठवतात, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

जुने सल्लेही जपून वाचा. एका दादाने लेकीला सांगितलं की ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा सी प्लस परत देऊन खोडता येतो, डीओला जुना ग्रेड धरत नाहीत. ते 2017 मध्येच बंद झालं, आता सगळे ग्रेड मोजतात. समर कोर्सचे पैसे वाचले.

इंटरव्ह्यू तीन आले, दोन ऑनलाइन, एक प्रत्यक्ष जाऊन. पहाटे चारला निघून बापलेक गाडीने गेले, हॉटेल नको म्हणून. मी पोळ्यांचा डबा दिला होता. नोव्हेंबरमध्ये पहिला होकार आला आणि तेव्हा डिपॉझिटची किंमत कळली. एमडीला ही रक्कम शंभर-दोनशेत असते म्हणे, डीओला हजारापासून तीन हजारापर्यंत, परत मिळत नाही, पुढे ट्यूशनमध्ये वळते करतात तेवढंच. आम्ही 3,000 मधले 1,500 पहिल्या दिवसापासून बाजूला काढले होते म्हणून त्या आठवड्यात कोणाकडे हात पसरावा लागला नाही. अर्ज आणि सेकंडरी मिळून 1,340 झाले होते.

दुसऱ्या एका ठिकाणी वेटलिस्ट आहे, ती अजून हललेली नाही. नवऱ्याला फेब्रुवारीत काम मिळालं, पगार कमी आहे पण इन्शुरन्स आहे. परवा शनिवारी तिघं भाड्याचं घर बघायला जातोय, सहा-सात तासांची ड्राइव्ह आहे, लेकीने तीन अपार्टमेंटची एक्सेल शीट केलीय आणि शेवटच्या कॉलममध्ये हिटिंगचं बिल स्वतःहून घातलंय.