लग्नात दंड मोजणारी मावशी

आमच्या मावशीला अख्खं गाव अक्का म्हणायचं, आईची थोरली बहीण म्हणून आईची अक्का, मग आमचीही अक्का, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायकांना तर मोठ्या बहिणीला अक्काच म्हणायची सवय, त्यामुळं तिचं खरं नाव बँकेच्या पासबुकातच राहिलं.

तिच्या पर्समध्ये लिपस्टिक बिपस्टिक कधी नव्हती. रुमाल, सुपारी (होय, पोषणवाली बाई सुपारी खायची, यावर बोलायचं नाही) आणि पोरांचं कुपोषण ओळखायला दंड मोजायची ती तिरंगी पट्टी. हिरवा, पिवळा, लाल. सहा महिने ते पाच वर्षाच्या पोराचा डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, पट्टी गुंडाळायची, घट्ट नाही आणि सैलही नाही. साडेबारा सेंटीमीटरच्या वर असेल तर हिरवा, म्हणजे ठीक, साडेअकराच्या खाली गेला की लाल, मग थांबायचंच नाही, दवाखाना. हे ती अंगणवाडीत करायची तोवर ठीक होतं ओ, पण ती लग्नात करायची. अक्षता पडल्यात, पंगत बसतीय, आणि ही कुणाच्या तरी सुनेच्या मांडीवरचं लेकरू उचलून त्याच्या झबल्याची बाही वर करतीय. एकदा एका गुटगुटीत पोराच्या दोन्ही पावलांवर तिनं अंगठा दाबून धरला, मनातल्या मनात आकडे मोजले, अंगठा काढला आणि खड्डा पडतोय का बघितलं. तशी सूज कुपोषणाचीही असू शकते आणि तेवढ्यावरून लोकांना पोरगं बाळसेदार वाटतं, असं तिनं त्याच्या आजीला समोरासमोर ऐकवलं. खड्डा पडला नव्हता. आजी तरी वर्षभर बोलली नाही तिच्याशी.

लोक म्हणायचे अक्कानं समाजासाठी आयुष्य वेचलं. मला हे कधी पटलं नाही. तिला मजा यायची त्यात! दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघायचे आणि वर लोकांनी थँक्यू म्हणायचं, असं सुख कुणाला मिळतं? केंद्राची आयसीडीएस, म्हणजे अंगणवाड्यांची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्याच वर्षी अक्काचं लग्न, आणि काका म्हणायचे माझ्यापेक्षा त्या योजनेबरोबरच हिचा संसार जास्त झाला. पगार कधीच नव्हता. अंगणवाडीच्या ताई बोलवतील तिथं रिक्षानं जायची, पार कुंभारीला विडी कामगारांची ती दहा हजार घरांची वसाहत झाली तिथंपर्यंत.

विडीवाल्या बायकांत तिचा जीव जास्त. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पान कापायची कात्री, हजार विड्या वळून झाल्याशिवाय मान वर नाही, आणि दिवसभर पोटात काय तर चहा. अक्का दारातनंच विचारायची, "तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का, तिचं तेलुगू तेवढंच. मग शेजारी फतकल मारून बसायची आणि बोलता बोलता बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. पांढरी दिसली, म्हणजे अंगात रक्त कमी, की सुरू. "जेवणावर चहा पिऊ नको गं बाई, भाजीतलं लोह चहा अडवून धरतो, तासभर थांब. आणि लिंबू पीळ ताटात." गोळ्या खा म्हणून तीही सांगायची, पण आधी लिंबू. नवीन काही विकत आणायला सांगायचं नाही हा तिचा हट्ट, घरात आहे त्यालाच काहीतरी जोडायचं. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून करताच ना, मग त्यातच मूठभर तूरडाळ टाका, झालं.

आणि सोलापुरात राहून या बाईची हिंमत बघा, ती शेंगाचटणीवर टीका करायची! आम्ही लहानपणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे पूर्ण जेवण समजायचो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं हे तीच सांगायची आणि लगेच तीच म्हणायची की ज्वारीत लायसिन हा प्रोटीनचा घटक कमी, शेंगदाण्यातही ते कमीच, मग दोघांची जोडी लावून उपयोग काय, तिसरी पाहिजे डाळ नाहीतर हुलगे. हुलग्याचं माडगं करून पाजायची जबरदस्तीनं. चवीला बरं होतं, खोटं कशाला बोलू.

2018 पासून सप्टेंबरात पोषण महिना सुरू झाला आणि अक्काला पाहुणी म्हणून बोलावणी यायला लागली. कडधान्यांची रांगोळी काढलेली असायची, मूग, मसूर, मटकी, मधे तिरंगा. अक्का भाषण दोन मिनिटांत उरकायची आणि विचारायची, "ही रांगोळी संध्याकाळी कोण शिजवणार?" 2023 ला मिलेटचं, म्हणजे ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांचं वर्ष आलं तेव्हा मॉलमधलं ज्वारीच्या चिप्सचं पाकीट हातात घेऊन किंमत वाचून इतकी हसली की ठसका लागला. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पोत्यानं घरात आणि हे असलं विकत कोण घेतंय म्हणे.

ती गेली त्याच्या तेराव्याला पूर्व भागातनं आणि कुंभारीतनं एवढ्या बायका आल्या की आमचा जेवणाचा अंदाजच चुकला. आचाऱ्यानं सगळं व्यवस्थित केलेलं, आमटी, पालेभाजी, भात, गोड. पंगतीतली एक म्हातारी ताटाकडे बघत बसली, हात लावेना. काय पाहिजे आजी म्हणून मी वाकलो तर म्हणाली, "अक्काचं जेवण आन् लिंबू नाही व्हय रे?" मग शेजारची म्हणाली, खरंच की. मग पुढची. आख्खी पंगत थांबली. भर दुपारी माझ्या भावाला गाडीवरनं लिंबं आणायला पिटाळलं, तो येईपर्यंत बायका निवांत बसून माझ्या बायकोचे डोळे तपासत होत्या.