बहात्तर तासांतले शेवटचे सहा

"मंगळवारी, दिवे लागायच्या वेळेला," दानी म्हणाली. सिस्टरने ते मला स्वाहिलीत सांगितलं. पश्चिम केनियात विषुववृत्त अगदी उशाला आहे, त्यामुळे बारा महिने पावणेसातच्या सुमाराला अंधार पडतो. शुक्रवार होता आणि भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा पाऊण वाजला होता. मी बोटांवर मोजलं. सहासष्ट तास होऊन गेले होते. हातात उरले होते सहा.

दानी म्हणजे लुओ भाषेत आजी. तिची नात आठ वर्षांची. बाकावर आजीला चिकटून बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. आई-वडील नाहीत, दोघींचंच घर. अत्याचार करणारा कोणी परका नव्हता, दानीच्या दिराचा मुलगा होता.

एचआयव्हीची लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि मग सलग २८ दिवस घ्यावी लागतात. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या या काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. त्यामुळे तासांचा हा हिशेब इथे प्रत्येक नर्सला तोंडपाठ असतो.

मी मूळची गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची, शिक्षणाने स्त्रीरोगतज्ज्ञ. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया आणि मुलांसाठी एका सरकारी रुग्णालयात दोन खोल्यांचं केंद्र आहे. तिथल्या क्लिनिकल ऑफिसर आणि नर्सना तपासणी आणि पुराव्याचं काम शिकवायला मी इथे आले. शिकवायला आले असं म्हणते खरं, पण त्या शुक्रवारी शिकवलं सिस्टरने, मला.

पोरीच्या अंगातला फ्रॉक स्वच्छ धुतलेला होता. नुसता धुतलेला नाही, कोळशाच्या इस्त्रीने कडक इस्त्री केलेला. "डॉक्टरकडे न्यायचं तर पोर नीटनेटकी नको का?" दानी म्हणाली. त्या दिवशीचा फ्रॉक तोच होता, दोनदा साबण लावून धुतलेला. आतले कपडेही धुतलेले. पोरीला तिने तीन वेळा गरम पाण्याने न्हाऊ घातलं होतं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. माझ्या आजीने तरी दुसरं काय केलं असतं? पुरावा गेला होता तो मायेपायी.

पुराव्याची मला इतकी धास्ती का, तेही सांगते. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका मुलीचा खटला माझ्या चुकीने पडला. पुराव्याचं सील केलेलं पाकीट पोलिसाच्या हातात दिलं, पण ते घेणाऱ्याचं नाव आणि वेळ फॉर्मवर लिहून घ्यायला विसरले. मधले दोन दिवस पाकीट कोणाच्या ताब्यात होतं, हे बचावाच्या वकिलाने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरोपी सुटला. ती मुलगी अजून कधीकधी बाजारात दिसते.

सिस्टर तेव्हा दानीशेजारी बाकावर जाऊन बसली. घाई न करता तिने विचारलं, "दानी, त्या रात्री पोर कशात गुंडाळून झोपवलीत?"

"लेसोत."

"आणि लेसो कुठेय?"

दानी थोडी ओशाळली. लेसो चटईखाली तसाच राहिला होता. साबण संपला होता.

लेसो म्हणजे इथल्या बायकांचं सुती वस्त्र. नेसायला, पाठीशी मूल बांधायला, पांघरायला, सगळ्याला तेच. सिस्टरने लगेच पोलीस ठाण्याच्या जेंडर डेस्कवर, म्हणजे अशा अत्याचारांच्या तक्रारी घेणाऱ्या कक्षात, फोन लावला. आम्ही स्वतः जाऊन लेसो आणण्यात अर्थ नव्हता, तो पोलिसांनीच जप्त करायला हवा होता. गाव चौदा किलोमीटरवर आणि ठाण्याच्या गाडीत पेट्रोल नाही. तिथली तरुण शिपाईबाई स्वतःच्या पैशाने बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल करून निघाली.

इकडे औषधं कुलपात. लहान मुलांच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या एचआयव्ही विभागाच्या कपाटात होत्या आणि किल्लीवाला मयताला गेला होता. इथे दफनविधी बहुतेक शुक्रवारी-शनिवारीच असतात. त्याचा फोन लागेना. दोन वाजले, अडीच झाले. शेवटी रुग्णालयाच्या प्रमुखांकडून परवानगी मिळवली, ती कागदावर लिहून घेतली आणि वॉचमनने हातोडीने कुलूप तोडलं. तातडीची औषधं कुलपात आणि किल्ली गावाबाहेर, याची लाज आम्हा सगळ्यांनाच वाटायला हवी. आता एक संच कॅज्युअल्टीत असतो, रात्रंदिवस.

पोरीचं वजन भरलं २१ किलो. त्याप्रमाणे गोळ्या मोजल्या, निळ्या कपात विरघळवल्या. तिने कप दोन्ही हातांनी धरला, एका दमात प्यायली आणि कपात डोकावून पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तपासणीच्या आधी मी स्टेथोस्कोप तिच्याच हातात दिला. तिने आधी आजीची छाती ऐकली, मग माझी. तिच्या परवानगीशिवाय कुठेही हात लावणार नाही, ती थांब म्हणाली की थांबेन, असं तिला सांगितलं होतं. ती दोनदा थांब म्हणाली. मी दोनदा थांबले.

इजा काही दिसली नाही. मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच होतं, तिथल्या जखमा फार लवकर भरून येतात. म्हणून फॉर्मवर मी स्पष्ट लिहिलं, की इजा न दिसल्याने अत्याचार झाला नाही असा निष्कर्ष निघत नाही. हे वाक्य गाळलं तर तोच कागद कोर्टात पोरीवर उलटतो. हा फॉर्म तीन प्रतींत भरतात, एक पोलिसांना, एक पीडितेला, एक रुग्णालयात. पैसे लागत नाहीत.

दानीने मला कोपऱ्यात घेतलं. तिचा प्रश्न सिस्टरने भाषांतर करायच्या आधीच मला कळला, तो विचारताना बायकांचा आवाज सगळीकडे सारखाच खाली जातो. पोर "तशीच" आहे ना? मी म्हटलं, दानी, तुमची नात अख्खी आहे. कौमार्य नावाचं काही डॉक्टरला तपासता येत नाही. हे मी आज ठामपणे सांगते, पण मला कॉलेजात दोन बोटांची चाचणी शिकवली गेली होती. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ती चुकीची ठरवली २०१३ मध्ये. तोवर किती जणींच्या कागदांवर आमच्यासारख्यांनी काय काय लिहून ठेवलं असेल!

चारच्या सुमाराला दोन वडीलधारे आले. इस्त्रीचे शर्ट, हातात टोप्या, बोलणं अगदी मऊ. एक गाय आणि पोरीच्या सेकंडरी शाळेची सगळी फी, असा त्यांचा निरोप होता. घरातलं घरात मिटवू. कोर्टात गेलं तर "आइबू" होईल. आइबू म्हणजे लाज, बेअब्रू. आपला "ऐब" शब्द तो हाच. माझ्या गावातही ह्याच आवाजात, ह्याच शब्दांत अशी माणसं दारात येतात.

दानी खाली मान घालून बसली. उद्याही तिला त्याच वाडीत राहायचं होतं. पाणी त्यांच्याच वाटेने आणायचं होतं. तिने नाही म्हणायचं ते कोणाच्या बळावर?

सिस्टर उठून मध्ये उभी राहिली. म्हणाली, "बाबा, २००६ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं कलम ४० सांगतं, की असा तपास किंवा खटला थांबवायचा निर्णय सरकारच्या अभियोग प्रमुखांचा. दानीचा नाही, पोलिसांचा नाही, तुमचाही नाही. तुम्ही तिच्याकडे जे मागताय ते तिच्याकडे नाहीच." दानीने मान वर केली. "ऐकलंत ना," ती त्यांना म्हणाली, "माझ्या हातात नाही." हे कलम मी कितीदा वाचलं होतं, पण एका म्हाताऱ्या बाईला टेकायला भिंत म्हणून ते उभं राहतं, हे मला तोवर दिसलं नव्हतं.

तरी दोघं हलेनात. मग सिस्टरने बुसियाचं नाव काढलं. २०१३ साली बुसिया काउंटीत एका सोळा वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, आणि पोलिसांनी आरोपींकडून ठाण्याच्या आवारातलं गवत कापून घेतलं व सोडून दिलं. लाखो लोकांनी सह्या करून जाब विचारला. २०१५ मध्ये तिघांना १५ वर्षांची शिक्षा झाली. "गवत कापायचे दिवस गेले," सिस्टर म्हणाली. त्याच २०१३ च्या मे महिन्यात मेरू इथल्या उच्च न्यायालयाने, मुलींच्या तक्रारींचा तपास न करून पोलिसांनी त्यांचे घटनात्मक हक्क मोडले, असा निकाल दिला होता. तो खटला १६० मुलींचा म्हणून ओळखतात. मला तो वाचताना दरवेळी मथुरा नावाची आदिवासी मुलगी आठवते. १९७२ साली आमच्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे माझ्या वडशातच, तिच्यावर बलात्कार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना सोडलं, आणि कायदा बदलला १९८३ मध्ये. स्वाहिलीत न्यायाला "हाकी" म्हणतात. आपला हक्क तो हाच.

म्हातारे गेले. साडेपाचला शिपाईबाई आली, लाल धुळीने माखलेली. तिने लेसो आणला होता, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि डाग कुजतात, म्हणून तो लगेच बाहेर काढला, स्वच्छ कागदावर पसरला. पिवळा, तांबड्या काठाचा, अक्षरं पुसट झालेली. एका टोकाला बारीक छापलं होतं, भारतात तयार केलेला. सुकल्यावर कागदी पिशवीत घातला, चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर अर्ध्या, पिशवीवर अर्ध्या येतील अशा सह्या केल्या. शिपाईबाईचं नाव, क्रमांक, वेळ मी फॉर्मवर लिहिली, तिच्याकडून वाचून घेतली, पुन्हा एकदा वाचली. तोवर बाहेर अंधार पडला होता.

२८ दिवसांनी दानी रिकामी बाटली घेऊन आली. एकही गोळी चुकली नव्हती.

माझी साक्ष झाली चौदा महिन्यांनी. किसुमूच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही, खटला अजून चालू आहे. बचावाच्या वकिलांनी तोच प्रश्न विचारला: पिशवी कोणाकडून कोणाकडे गेली? मी फॉर्मवरून एकेक नाव वाचलं, एकेक वेळ वाचली. मॅजिस्ट्रेटबाईंनी पिशवी उलटून पट्टीवरच्या सह्या पाहिल्या.

माझं झाल्यावर मला मागे बसू दिलं. पुढची साक्ष दानीची. पिशवी उघडून लेसो तिच्यासमोर धरला. हा ओळखता का?

"माझाच," दानी म्हणाली. मग तिने दुभाष्याकडे वळून विचारलं, तो परत कधी मिळेल.

निकाल लागल्यावर, मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, आणि लेखनिकाला ते लिहून घ्यायला सांगितलं.