चोवीस-सत्तावीसचा पाना

आषाढीसाठी मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोचते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ऐन पेरणीच्या तोंडावर महिनाभर घर सोडायचं म्हणजे शेतकऱ्याला जड जातं. आमच्यासारख्यांना परवडते ती माघातली वारी. गहू उभा असतो, हरभरा निघालेला असतो, आणि चार दिवस केळीला पाणी सोडायला शेजारी मिळतो. माघ वद्य एकादशीला मुक्ताईनगर गाठायचं. महाशिवरात्रीपर्यंत तिथली आणि चांगदेवची यात्रा चालते.

आमची दिंडी जळगाव तालुक्यातली. माणसं साठ-सत्तर, त्यात निम्म्याहून जास्त बाया, आणि सामानाला एक छोटा हत्ती, म्हणजे टेम्पो. विणेकरी आबाकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. ते माझ्याशी बोलतात, बाबांशी नाही. अकरा वर्षं झाली. बाबा वारीला येत नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात. त्याच गुडघ्यांनी ते रोज मळ्यात दोन चकरा मारतात, पण ते असो.

पहिले दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा हायवे म्हणजे डंपर, धूळ आणि हॉर्न. भुसावळ सोडलं की दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात आणि वरणगावपर्यंत पाठ सोडत नाहीत. किती चाललो तरी चिमणी तिथंच. माझ्या डाव्या टाचेला फोड आला. त्यावर एका माऊलीनं सुईदोरा घातला आणि दोरा तसाच आत ठेवला. दवाखान्यातल्या माणसानं हे वाचू नये.

तिसऱ्या दिवशी, दशमीला, चांगदेवला मुक्काम. इथं पूर्णा तापीला मिळते. देऊळ काळ्या दगडाचं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं. दगडावर हात ठेवला तर भर उन्हातही गार लागतो. रात्री वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. उद्या उपास म्हणून सगळे जरा जास्तच जेवले. मग कीर्तन. चौदाशे वर्षं जगलेला योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन येतो. त्याच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वर पासष्ट ओव्यांनी उत्तर देतात. आणि शेवटी तो योगी शिष्य होतो कुणाचा, तर मुक्ताईचा, एका लहान मुलीचा. आमच्याकडे ही गोष्ट पोरांना पाठ असते, तरी तेवढ्यापुरती झोप उडते.

एकादशीला पहाटे काकडा करून निघालो. रस्ता आहे, पण काकांनी काठाकाठानं जायचं ठरवलं. खाली हतनूरचं धरण आहे, एक्केचाळीस दरवाज्यांचं, 1982 सालचं. त्याचं फुगलेलं पाणी संगमाच्या वरपर्यंत येऊन थांबतं. माघात ते ओसरायला लागतं आणि मागे मैलभर गाळ उघडा पडतो. कोरडा झालेला भाग फरशीसारखा तडकतो. त्यात लोक गाळपेर करतात, टरबूज, काकडी. ओला भाग मात्र फसवा. वरून साय धरलेली, खाली काही नाही. कडेनं पाणकणीस आणि बेशरमचं रान. बेशरम उपटली तरी वाढते, तोडली तरी वाढते, म्हणून ते नाव. पाण्यावर बदकांचे थवे होते, बाहेरदेशातून आलेले. टाळ वाजला की सगळे एकदम उठायचे आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा बसायचे.

मी पताका घेऊन पुढं होतो. पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत. दुसरा काढायला गेलो तर तोही गेला. चप्पल खालीच राहिली, अजून तिथंच आहे. मागून बाया ओरडायला लागल्या आणि समोरच्या बेशरममधून एक माणूस बाहेर आला. वाळलेला, पांढरी दाढी, कमरेला लुंगी, खांद्यावर बेशरमच्या फोकांची मोळी. त्यानं मोळी माझ्यापुढं आडवी टाकली.

"यावर पोट टाका दादा. पायानं जोर नका लावू."

मी बाहेर आलो. त्यानं आणखी चार मोळ्या आणून सगळ्या दिंडीला वाट करून दिली. मग म्हणाला, "पानी प्या. पन पाकिटं सांभाळा. मी चोर व्हतो."

लोक हसले. तो हसला नाही.

त्याची झोपडी एका उंचवट्यावर होती. पावसाळ्यात भोवती पाणी चढतं आणि त्याचं बेट होतं. भोई लोक डोंग्यातून पीठ-मीठ आणून देतात, तो त्यांची जाळी शिवून देतो. देवाची तसबीर नाही, धुनी नाही, भस्म नाही. चुलीवर चहाचं पातेलं आणि छपराच्या वाशाला टांगलेला एक टाळ. आमच्यातल्या एका आजीनं पायावर डोकं ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा तो दोन हात मागे सरकला.

चहा देताना त्याची बोटं दिसली. दोन्ही हातांची टोकं गुळगुळीत, चकाकणारी, जुन्या भाजण्याची. मी ती बोटं ओळखली. केबलची वायर जाळून वरचं प्लॅस्टिक काढतात, तांबं राहतं, ते भंगारात जातं. गरम असतानाच सोलायची घाई केली की बोटं अशी होतात.

"मोटारीची केबल?" मी विचारलं.

"केबल. डीपीचं तांबं. केयीचे घड बी. पन केबल जास्त." डीपी म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे ळ चा य होतो, तो त्याच्या बोलण्यात पुरता होता. "कोन्या शिवारात कोन्या वारी दिवसाची लाईट, कोन्या वारी रातची, मले पाठ व्हतं. दिवसाची असली का रातच्याले तार मेलेली. कापा खुशाल."

आणि टाळ? तो त्यानं न विचारता सांगितला. बहुतेक प्रत्येक दिंडीला सांगत असावा. अशाच एका माघात लोक मागे लागले म्हणून तो रात्रभर या पाण्यात गळ्याइतका उभा राहिला. सकाळी एक दिंडी आली. बुडतोय समजून बायांनी ओढून काढलं, अंगावर गोधडी टाकली, चहा पाजला. तो उठला आणि जाताना त्यांचा एक टाळ घेऊन गेला. पितळ होतं.

"भंगारवाला म्हने, देवाचं घेत नाही. माह्याकडून त्यानं मंदिराची घंटा सोडून समदं घेतलेलं. त्या दिवशी त्याले देव आठवला." चहा गाळत तो पुढं म्हणाला, "फेकायची हिंमत झाली नाही. म्हटलं पुढल्या साली ती दिंडी येईन, देऊन टाकू. पुढल्या साली पानी जास्त व्हतं, ते लोक रस्त्यानं गेले. त्याच्या पुढल्या साली बी आले नाही. मंग वाट पाहात राह्यलो."

"गावाचं नाव?"

"इचारलं नव्हतं ना."

आमच्यातल्या एकानं लगेच वाल्याचा वाल्मीकी वगैरे सुरू केलं. मला ते रुचलं नाही. बारावीच्या वर्षी मे महिन्यात आमच्या विहिरीवरची केबल गेली होती. बाबांकडे पैसे नव्हते, दुकानदार उधार देईना. आठ दिवस केळीला पाणी नाही. मेमध्ये आठ दिवस म्हणजे काय हे केळीवाल्याला सांगायला नको. पानं करपली, घडासकट खोडं मोडून पडली, बाग बसली. माझं कॉलेज पुण्याऐवजी जळगावला झालं ते त्याच उन्हाळ्यामुळे. ताटीच्या अभंगात मुक्ताई रुसलेल्या भावाला सांगते की योग्यानं लोकांचे अपराध सोसावेत. ते आम्ही पहाटेच म्हटलं होतं. म्हणायला चाल फार सोपी आहे.

मी गावाचं नाव सांगितलं. तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला.

"दोनदा आलतो. एक विहीर नाल्याच्या काठी. निंबाखाली स्टार्टरचं खोकं, कुलूप नसलेलं."

ती आमची. मी उठलो, बाजूला गेलो आणि बाबांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. सगळं ऐकून बाबा बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं शिव्या देतील, नाहीतर सोड म्हणतील.

"त्याला विचार," बाबा म्हणाले, "पाना बी त्यानंच नेला का?"

हा पाना घरात सगळ्यांना माहीत आहे. चोवीस-सत्तावीसचा. चोरीच्या आदल्या दिवशी आबाकाकांनी तो मागून नेला होता. काका म्हणत, संध्याकाळी खोक्यात आणून ठेवला. बाबा म्हणत, तारेचा चोर पाना कशाला नेईल, त्याला भंगारात काय येतं? आणलाच नाही. पुढे बोलता बोलता बाबांच्या तोंडून असंही गेलं की कोणत्या रात्री मळ्यात कोणी नसतं ते घरच्याच माणसाला ठाऊक असतं. ते वाक्य काकांपर्यंत पोचलं. त्यानंतर आमच्या ताईच्या लग्नाला ते घर आलं नाही, त्यांच्या घरच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो नाही.

मी परत येऊन विचारलं. त्यानं पातेलं खाली ठेवलं.

"पाना व्हता. खोक्यात, फडक्यात गुंडायेला. नेला."

"कशाला?"

"हाती लागला म्हनून."

दिंडी उठली. त्यानं पुढच्या गाळापर्यंत सोबत केली आणि मागे वळला. मी त्याला माफ केलं की नाही हे मला कुणी विचारलं नाही, बरं झालं. उजव्या पायात चप्पल, डाव्या पायाला ओलं फडकं गुंडाळलेलं, तसाच चालत होतो. बाबांचा फोन तीनदा वाजून गेला. चौथ्यांदा वाजला तेव्हा आम्ही कोथळीच्या जुन्या देवळाच्या वाटेला लागलो होतो.

"नेला म्हणतो," मी म्हटलं.

पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

"आबा कुठंय?"

"पुढं."

"दे."

वीणा गळ्यात असताना काका फोन हातात घेत नाहीत. मी पळत पुढं गेलो आणि फोन त्यांच्या कानाला लावून बाजूनं चालत राहिलो. बाबा काय बोलले ते टाळांत मला ऐकू आलं नाही. वेळ मात्र बराच गेला, माझा हात भरून आला. काकांची बोटं तारेवर चालूच होती.

"खोक्यातच ठेवला होता," काका म्हणाले. "फडक्यात गुंडाळून."